भवानीनगरात साखर विकायला निघाले होते

दुकान उघडून अर्धा तास झाला होता आणि आमचं पहिलं गिऱ्हाईक साखर घ्यायला नाही, विकायला आलं.

नामदेवतात्यांनी दारात मोटारसायकल लावली, मागं बांधलेलं पोतं सोडलं आणि सरळ आत आणून माझ्या पायाशी टेकवलं.

"तुमी साखर इकताय म्हणं?"

"हो तात्या. उद्घाटनाची ऑफर आहे."

"काय भावानं?"

मी भाव सांगितला. छाती पुढं काढून सांगितला, कारण आसपास एवढ्या कमी भावात कुणी साखर देत नव्हतं.

"ह्यापेक्षा दोन रुपयं कमीनं मी देतो. किती पोती पायजेत?"

काउंटरवरच्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसायला लागल्या. आमची स्टोअर मॅनेजर रेश्मा मुलाणी छताकडं बघत राहिली. तिनं मला हे दोनदा सांगितलं होतं, आणि मी दोन्ही वेळा ऐकलं नव्हतं.

आता जरा मागचं सांगते. मी ज्या कंपनीत आहे तिचं मुख्य ऑफिस सिंगापूरला. आशियातल्या बऱ्याच देशांत तिची दुकानं आहेत, आणि सगळी एकसारखी नाहीत. शहराबाहेर अवाढव्य मॉल, शहरात सुपरमार्केट, आणि लहान गावात चार-पाच फळ्यांचं 'डेली' दुकान. ह्या प्रत्येक प्रकाराला आम्ही फॉरमॅट म्हणतो. बारामतीत आमचं सुपरमार्केट चांगलं चाललं होतं. पुढचं पाऊल म्हणजे इंदापूर तालुक्यात डेली दुकानं काढायची. कुठं काढायची आणि उघडताना काय स्वस्त विकायचं, हे ठरवणं माझं काम.

उघडताना एक वस्तू तोट्यात विकायची, हा आमचा जुना नियम. जिचा भाव बाईमाणसाला झोपेतसुद्धा पाठ असतो अशी वस्तू निवडायची. ती स्वस्त दिसली की माणूस समजतो, सगळं दुकानच स्वस्त आहे. मग तो साखरेसाठी येतो आणि साबण, बिस्किटं, फिनेल घेऊन जातो. सिंगापूरहून आलेल्या जाडजूड नियमपुस्तकात, ज्याला आम्ही प्लेबुक म्हणतो, साफ लिहिलं होतं: साखरेचा ढीग लावा, तो दारातून दिसला पाहिजे, आणि वरून मंजुरी आल्याशिवाय ऑफर बदलायची नाही. व्हिएतनामला चाललं, इंडोनेशियाला चाललं. मी भवानीनगरच्या कागदावर सही केली.

भवानीनगर! जिथं साखर कारखान्याचा भोंगा वाजल्यावर लोक घड्याळ लावायचे. घरटी कुणीतरी कारखान्याचा सभासद, नाहीतर कामगार. सभासद म्हणजे ज्याचा शेअर आहे, ज्याचा ऊस जातो. त्याला कारखान्याकडून सवलतीत साखर मिळते. दिवाळीला तर पोत्यानं येते. अशा गावात मी साखरेचा डोंगर रचून बसले होते.

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुणाची गं तू?"

"अंथुर्ण्याच्या साळव्यांची."

"अंथुर्ण्याची? म्हंजी ह्याच कारखान्याच्या भागातली. आन् तुला कळाया नको व्हय?"

आमच्या घरी पलंगाखाली कायम साखरेचं पोतं असायचं. बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर व्हायची, तिला साखर त्याच पोत्यातली जायची. मी त्या पोत्यावर बसून पाढे पाठ केलेत. दहा वर्षं एसी ऑफिसात बसले आणि पोतं विसरले. रेश्मा फोनवर म्हणाली होती, "ताई, हितं साखर कोण घेणार?" मी म्हणाले होते, "रेश्मा, हे आशियात प्रूव्ह झालंय." असं इंग्रजी शब्द टाकून बोलायची मला तेव्हा फार हौस होती.

चूक माझी होती, पण मार रेश्माला बसणार होता, हे मला जास्त लागलं. ती बारामतीत काउंटरवर सहा वर्षं होती. रोज एसटीनं जायची, यायची. भवानीनगर तिचं सासर, म्हणून मी तिलाच मॅनेजर केलं. तिनं गल्लीत पेढे वाटले, सासूनं नवी पर्स घेऊन दिली. पण वरची अट होती. तीन आठवड्यांत दुकानानं टार्गेट गाठलं तर ठीक, नाहीतर शटर खाली आणि रेश्मा परत बारामतीच्या काउंटरवर. पेढे खाल्लेल्या सगळ्या गल्लीसमोरून पुन्हा सकाळची एसटी.

पहिला आठवडा साखरेकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. बघायला मात्र यायचे. "आमच्या गावात साखरंची जत्रा भरलीया," म्हणून एकानं पाहुण्यांना दाखवायला आणलं. एक आजी रोज यायच्या, ढिगाला हात लावायच्या आणि "जाड हाय, पर आपल्यासारखी न्हाय" असा शेरा मारून मिठाची पुडी घेऊन जायच्या. मी सिंगापूरला मेल केला, ऑफर बदलायची परवानगी द्या. उत्तर आलं, थोडा संयम ठेवा, साखरेला वेळ लागतो. आता काय बोलायचं, कपाळ!

दुसऱ्या आठवड्यात साखरेला गिऱ्हाईक मिळालं, पण ते मुंग्यांच्या रूपात. ढिगातल्या दोन पिशव्या फाटल्या आणि रांग लागली. मागच्या खोलीत घट्ट झाकणाची मोठी प्लॅस्टिकची पिंपं पडली होती. बारामतीत खपली नव्हती म्हणून कुणीतरी इकडं ढकललेली. रेश्मानं फाटक्या पिशव्यांची साखर एका पिंपात ओतली, झाकण दाबलं आणि पिंप तिथंच ढिगाशेजारी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आले. ते रोज यायचे, आमची मजा बघायला. त्यांनी पिंपावर बोटांनी टकटक केलं.

"ह्यात काय हाय?"

"साखर," रेश्मा म्हणाली.

"मुंग्या न्हाईत व्हय?"

"कालपासनं आत हाय, एक मुंगी न्हाय. बघा की उघडून."

तात्यांनी झाकण उघडलं. आत वाकून बघितलं, बोट फिरवलं, झाकण लावलं, परत उघडलं. एवढ्या काळजीनं त्यांनी बैलाचे दातसुद्धा बघितले नसतील. मग हळूच विचारलं, "अख्खं पोतं मावतं का?"

"मावतं."

"साखर काढ आन् रिकामं दे."

संध्याकाळपर्यंत तात्यांच्या आळीतून चौघं आले. सगळ्यांची तक्रार एकच. साखर उदंड, ठेवायची कशात? पोत्याला मुंग्या लागतात, पावसाळ्यात खाली पाणी सुटतं, उंदीर कोपरा कुरतडतात. ह्या गावाला साखर नको होती, साखरेला घर हवं होतं. हे रेश्माला एका दुपारी कळलं. मला दहा वर्षांच्या पगारात कळलं नव्हतं.

तिनं बारामतीतली पडून असलेली सगळी पिंपं मागवली आणि ती थेट साखरेच्या ढिगावर मांडली. मी दुकानात पाऊल टाकलं आणि ओरडलेच.

"अगं, ऑफर बदलायची नाही म्हणून लिहिलंय!"

"कुठं बदलली? साखर हाय तशी हाय. दारातनं दिसती. साखरंवर काय ठिवायचं न्हाय, असं लिव्हलंय का त्यात?"

मी प्लेबुक उघडून बघितलं. खरंच लिहिलं नव्हतं.

पिंपं जायला लागली. पिंप न्यायला आलेला माणूस साबण नेतो, बाई डाळ नेते, पोरगी शाम्पूच्या पुड्या नेते. म्हणजे जे साखरेनं व्हायचं होतं, ते सगळं पिंपानं होत होतं. टार्गेट जवळ आलं. आणि नेमके तेव्हाच सिंगापूरहून टॅनसाहेब आले.

टॅनसाहेब म्हणजे सगळ्या डेली दुकानांचे प्रमुख. साखरेचा नियम त्यांचा स्वतःचा. त्यांची गाडी थांबली तेव्हा समोरून एक नवरा-बायको मोटारसायकलवर चालले होते, मधे पिंप. मागून दुसरे, त्यांच्याही मधे पिंप. टॅनसाहेबांचा चेहरा असा खुलला, की विचारू नका.

"एकेका घरात एवढी साखर?" त्यांनी मला इंग्रजीत विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोटो काढायला लागले. "मी म्हटलं होतं ना, वेळ लागतो! भारतातल्या प्रत्येक डेली दुकानात आता हाच ढीग."

इथं मी खरं सांगायला हवं होतं. मी गप्प बसले. वाटलं, जातील अर्ध्या तासात. रेश्माचं पद राहील, माझी सही झाकली जाईल, त्यांचा नियम खरा ठरेल, सगळे खूश. रेश्मा माझ्याकडं बघत होती आणि मी बिस्किटांचे पुडे सरळ करत होते. लाज वाटत होती, तरी करत होते.

तेवढ्यात तात्या दुसरं पिंप घेऊन निघाले, लेकीच्या घरी द्यायला. टॅनसाहेब धावले. म्हातारा माणूस, पन्नास किलोचं ओझं, मदत करायला हवी! त्यांनी पाय रोवले, कंबर कसली, दोन्ही हातांनी पिंप धरलं आणि सगळा जोर लावून वर उचललं.

रिकामं पिंप त्यांच्या डोक्यावरून मागं गेलं आणि त्यामागून टॅनसाहेब. ते साखरेच्या ढिगावर बसकण मारूनच थांबले. दोन पिशव्या फुटल्या. तीन आठवड्यांत त्या ढिगाचा माणसाला झालेला तो पहिला उपयोग.

"आरं, सायबाला उचला की!" तात्या ओरडले. "साखर लागली कुठंतरी!"

कुणी हसलं नाही, पण सगळ्यांचे खांदे हलत होते. टॅनसाहेबांनी पिंप जवळ ओढलं, आत डोकावले, मग माझ्याकडं बघितलं. आता सांगण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी सगळं सांगितलं. कारखाना, सभासद, सवलतीची साखर, पिंपं. हेही सांगितलं, की रेश्मानं मला दोनदा बजावलं होतं आणि मी ऐकलं नाही.

तात्या म्हणाले, "सायबाला घरी आण. च्या पाजतो." रेश्मासकट आम्ही गेलो. तात्यांनी स्वयंपाकघरातलं पिंप उघडून दाखवलं, शिगोशीग भरलेलं. काकूंनी चहा दिला, तो इतका गोड की चमचा उभा राहावा. टॅनसाहेबांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि मग मला विचारलं, "तुम्ही स्वतः साखर कुठून घेता?"

साधा प्रश्न होता.

मी बारामतीत राहते. आमच्या सुपरमार्केटपासून चालत पाच मिनिटांवर. आणि मी लग्न झाल्यापासून एकदाही साखर विकत घेतलेली नाही. दर दिवाळीला आई अंथुर्ण्याहून पाठवते. पलंगाखालीच असते.

"मी घेत नाही," मी म्हणाले. "आई पाठवते."

तात्यांना इंग्रजी येत नाही, पण माझं तोंड बघून त्यांना सगळं कळलं. ते असे हसले की त्यांना ठसका लागला. काकूंनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. टॅनसाहेबही हसले, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मीही हसले, पण थोडं उशिरा. कान तापले होते.

मग ते गंभीर होऊन रेश्माकडं वळले. परवानगी नसताना मांडणी का बदलली? मी मराठीत विचारलं. रेश्मानं उत्तर तेच दिलं, साखरेवर काय ठेवायचं नाही असं कुठं लिहिलंय? मी शब्दाला शब्द सांगितलं. टॅनसाहेबांनी कप खाली ठेवला.

"आता तसं प्लेबुकात लिहायचंही नाही," ते म्हणाले. "राहू दे तसंच."

रेश्मानं पदर तोंडाला लावला. ती रडतेय की हसतेय, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि नंतर विचारलं तर ती सांगत नाही.

दुकान राहिलं. उरलेली साखर आम्ही बारामतीला पाठवली, तिथं ती मुकाट्यानं खपली. काही महिन्यांनी सिंगापूरहून प्लेबुकचं नवं पान आलं. त्यावर तात्यांचा पिंपासकट मोठा रंगीत फोटो, आणि खाली हुकूम: यापुढं आशियातल्या सगळ्या डेली दुकानांत उद्घाटनाला पिंपं! मी कपाळावर हात मारला आणि भिगवणच्या नव्या दुकानाच्या कागदावर सही करायला पेन उघडलं. मग पेन बंद केलं आणि आधी रेश्माला फोन लावला.

ती आता पाच दुकानं बघते. माझी प्रत्येक ऑफर आधी तिच्याकडं जाते, असा नियम मी स्वतःच करून घेतलाय. त्यावर ती लांबलचक काही लिहीत नाही. खाली एकच ओळ असते: "ताई, तुमी घेता का?"

दहातले सहा कागद मी तिथंच फाडते.