मेलेल्या विहिरीतलं फूल

आमची मराठी शाळा हिंदी शाळेत विलीन झाली, त्या वर्षी पर्यावरण हा विषय माझ्याकडे आला. घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून मिळेल तो विषय जीव लावून शिकवायचे. मुलं ‘जल ही जीवन है’ एका सुरात म्हणायची आणि नळ उघडा टाकून पळायची.

एक दिवस केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या शेतातली विहीर उद्या बुजवणार. मरेल हाय ती.”

“मेली कशावरून?”

“बादली बुडतच नाही ना!”

मी चमकले. तिचं शेत कुंडी भंडाऱ्याच्या रांगेत होतं. जमिनीखालून डोंगराचं पाणी शहरात आणणारा जुना बोगदा, आणि त्यावर ओळीनं विहिरींसारख्या खोल कुंड्या. त्या बोगद्यात पाणी साचत नाही, तळाशी उथळ वाहतं. बादली बुडणार कशी? पण हे मी फक्त वाचलं होतं. डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग घेऊन शेतावर गेले. कुंडीच्या काठाशी केळीच्या कापलेल्या खांबांचा ढीग तयारच होता. मुलीचे वडील म्हणाले, “बाई, वासरू पडता पडता वाचलं. पाणी असतं तर गोष्ट वेगळी.”

“दादा, थोडा वेळ द्या. मग तुम्ही म्हणाल तसं.”

“द्या ना बाबा,” मुलगी म्हणाली.

“वेळ घ्या. खांब कुठं पळून जातात?”

घरून आणलेला आरसा मी एका मुलाला धरायला दिला. त्यानं ऊन पकडून खाली सोडलं. ओल्या दगडांवरून घसरत ते तळाशी गेलं. तिथं काहीतरी लकाकलं, पण हलतंय का ते कळेना. मग मुलगी झेंडूची फुलं घेऊन डोंगराकडच्या कुंडीकडे धावली आणि तिथून ओरडली, “मॅडम, छोड दिया!”

आम्ही काठावर पालथे पडून वाट पाहू लागलो. “फूल अटक गया,” कुणी पुटपुटलं. मुलीचे वडील हसले. मलाही धाकधूक वाटू लागली.

आणि उन्हाच्या त्या इवल्याशा वर्तुळात एक केशरी ठिपका आला. संथ, सरळ, आपल्या वाटेनं जाणारा. पलीकडच्या अंधारात शिरला. मागून दुसरा आला. आयुष्यभर उन्हात भेगाळताना पाहिलेली ही जमीन आतून अशी चालत होती!

मुलीच्या वडिलांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. “हे कुठं जातं?”

धावत परतलेली मुलगी धापा टाकत म्हणाली, “शहरात, बाबा. मॅडमच्या मोहल्ल्यात, लोधीपुऱ्यात.”

ज्या नळाचं पाणी पिऊन मी शिकले, तो माझ्या डोळ्यांपुढे आला.

वडिलांनी पुन्हा वाकून खाली पाहिलं. मग पहिला खांब खांद्यावर घेतला. “चला रे पोरांनो, हात लावा. हे बांधावर टाकू. इथं दगडांचा कठडा घालायचा हाय.”