मिरचीच्या कुंडीतले बावीस बळी

मी भाजीवालीशी भांडलो आणि आमच्या घरात मिरची बंद झाली.

चूक तिचीच होती, हे मी आजही सांगतो. नव्वदच्या दशकात वसईत इतक्या इमारती उठल्या, की भाजीवाल्यांना गिऱ्हाइकाची किंमतच उरली नाही. चार जुड्या घेतल्या, तरी मूठभर मिरच्या वर घालायला बाई तयार नाही! रस्त्यावर बादल्या विकता विकता स्वतःचं दुकान काढलेला माणूस मी. मला धंदा शिकवते? भर बाजारात ओरडलो, "ठेव तुझ्या मिरच्या! आजपासून माझ्या घरात विकतची मिरची येणार नाही!"

उमेळ्यातल्या आमच्या गॅलरीत सहा कुंड्या लागल्या. तोवर पोह्यांत लाल तिखट. (पिठल्यातही. मुलं माझ्याशी कमी बोलू लागली.)

दोन महिन्यांनी फुलं आली, आणि पाठोपाठ पानं चिकट होऊन मुडपली. चष्मा लावून पाहतो तर काळे, नारिंगी ठिपक्यांचे, मगरीच्या घडणीचे किडे पानांवर राजरोस फिरतायत!

"सापडले चोर! चिमटा आण!"

"अहो, पानांच्या खाली बारीक हिरवं काहीतरी चिकटलंय, ते बघा आधी," बायको म्हणाली.

"ती यांची पोरं असतील. गरीब दिसतायत बिचारी. आधी बापांना धरतो!"

तीन दिवसांत बावीस बाप चिरडले. दुकानात येईल त्याला आकडा ऐकवला. चौथ्या दिवशी 'बिचारी पोरं' शेंड्यापासून खोडापर्यंत पसरली आणि फुलं टपाटप गळू लागली.

शेवटी एक फांदी आणि डबीत पकडलेला तेविसावा किडा घेऊन पापडीला गेलो. तिथले बस्त्यावकाका माझ्याकडून पाइप न्यायचे. त्यांची वांग्याची वाडी होती.

"काका, या राक्षसावर जालीम औषध द्या!"

काकांनी डबी उघडली. "शेठ, हे तर ढालकिड्याचं पिल्लू. तो लाल, ठिपक्यांचा गोल किडा असतो ना, त्याचं. हे मावा खातं."

"मग मावा कुठाय?"

काकांनी फांदीवरच्या हिरव्या बिचाऱ्यांवर बोट ठेवलं. "हा काय! झाडाचा रस पितोय. अशी पिल्लं आणखी होती का तुमच्याकडे?"

"होती."

"किती?"

"असतील..." मी खोकलो. "बावीस."

काका हसत हसत बांधावर बसलेच. डोळे पुसून म्हणाले, "पानांच्या खालून पाणी मारून मावा धुऊन काढा. उरलेला ही पिल्लं संपवतील." आणि वांग्याच्या पानांवरून चार काळी पिल्लं अलगद डबीत सोडली.

माझं तोंड सवयीने उघडलं. "चारच? आणखी दोन घाला की वर!"

"घालतो. पण डबी वहिनींच्या हातात द्यायची. तुम्ही कुंडीकडे फिरकायचं नाही."

घासाघीस करून मी आजवर पुष्कळ माल मिळवलाय. पण ज्याला हात लावायची मलाच बंदी, असा हा पहिलाच!