कायमचं की येकडाव

माझी आई फोटोत कधी पुढं येत नाही. भावानं मोबाईल वर केला की ती बाजूला सरकते. मग मला येतो तो फोटो अंगणाचा, शेळीचा, नाहीतर छपरावरच्या नवीन टिनांचा. आई कुठंतरी कोपऱ्यात, अर्धा खांदा नाहीतर नुसता पदर. मोबाईलवर ती दिसतही नाही. मी काम करते त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिला शोधून काढते.

आमचं गाव यवतमाळकडचं. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि मी थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, उचगावात आले. इथं साधं बोलले तरी भांडतायत असं वाटायचं. 'हो' म्हणायला मी 'हाव' म्हटलं की बायका हसायच्या, म्हणून 'व्हय' शिकले. आमच्याच गल्लीतल्या चाचांनी त्यांच्या फोटोच्या दुकानात घेतलं, तेव्हा मला माऊसही धरता येत नव्हता. "धर की, चावतोय व्हय त्यो?" असं म्हणत त्यांनी सगळं शिकवलं. पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचे बॅनर. भावाकडून आलेले फोटो ठेवायला एक फोल्डर माझ्यासाठी केलं आणि नाव दिलं 'माहेर'. "ह्यात कुणाचा वाढदिवस टाकायचा न्हाय," म्हणाले. एवढं कोण कुणासाठी करतं?

दुपारी गिऱ्हाईक थांबलं की मी ते फोल्डर उघडायची. माऊसचं चाक फिरवलं की फोटो मोठा व्हायचा. अंगण कडेला सरायचं, शेळी जायची, रांजण यायचा आणि रांजणामागं आई. अजून फिरवलं तर चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे. त्याच्या एक खाच आधी थांबायचं, हे बोटाला पाठ होतं.

एका सकाळी कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन चालू झाला. त्या दुपारी फोटो वेगळ्याच खिडकीत उघडला. मी चाक फिरवलं आणि आई गेली. तिच्या जागी बैल आला. उलटं फिरवलं तर शेळी. फोटोमागून फोटो सरकत होते, जवळ कुणीच येईना. मी माऊसवरचा हात काढून घेतला.

"चाचा, माझ्या हातून काही बिघडलं का?"

"तुझ्या हातनं काय बिघडतंय? अपडेट झालाय. नवी सून आली की पयली भांडी हलवती, तसं हाय ह्ये."

"मी कुठं हलवली भांडी?"

"तू? तू तर वरीसभर तोंड बी उघडलं न्हाईस."

हसत हसत त्यांनी दाखवलं. फोटोवर उजवं बटण दाबायचं, 'ओपन विथ'मध्ये जायचं, यादीत खाली उतरत गेलं की जुना प्रोग्राम सापडतो. तो काही मेला नव्हता, मागं सारला होता इतकंच. त्याच्याखाली दोन बटणं होती. एकावर 'ऑलवेज', दुसऱ्यावर 'जस्ट वन्स'.

"ह्ये कायमचं," चाचा म्हणाले, "आणि ह्ये येकडाव."

मी येकडावचं दाबलं. दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कायमचं ठरवणारी मी कोण? दुसऱ्या दिवशी परत नवी खिडकी. परत उजवं बटण, परत यादी, परत येकडाव. रोजचंच झालं. चाचा म्हणायचे, "आगं, रोज रोज काय इचारत बसतीस त्याला? कायमचं दाब की." मी मान हलवायची आणि तेच करायची.

मग आईचा फोन आला.

"यंदा येशीन काय वो बाई?"

"व्हय," मी म्हटलं.

"काय म्हनलं?"

"हाव म्हटलं, आई."

"मंग तसं म्हन ना. मले वाटलं, दुसऱ्याच कोनाले लागला फोन."

ती हसली, मीही हसले. पण फोन ठेवल्यावर भाकरीचं पीठ मळताना मी एकटीच पुटपुटत होते, हाव, हाव, हाव. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी 'ऑलवेज' दाबलं. फोटो बंद केला, पुन्हा उघडला, तर त्यानं काही विचारलं नाही. चाक फिरवलं. अंगण गेलं, शेळी गेली, रांजण आला. आई होती, तोंड अर्धं पलीकडं करून. मी एक खाच आधी थांबले.

"दाबलंस का न्हाय कायमचं?" चाचांनी बाहेरून विचारलं.

"हाव," माझ्या तोंडून गेलं.

ते आत डोकावले. "हाव तर हाव," म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

आता भावानं काढलेले तेवढेच फोटो नीट उघडतात. व्हिडिओ कॉल चालू असताना मोबाईलच्या पडद्याचे मी काढलेले फोटो वेगळ्या जातीचे असतात म्हणे, त्यांना वेगळं सांगावं लागतं. ते अजून नव्या खिडकीतच उघडतात. त्यांचं मी काही केलेलं नाही. कॉलवर फोटो निघतो हे आईला ठाऊक नाही, म्हणून तिथं ती बाजूला सरकत नाही. पडदाभर तिचाच चेहरा असतो, चाक फिरवावं लागत नाही.