आउट ऑफ डेंजर

गोरड बाईंसमोर 'डेंजर' म्हणायची सोय नव्हती. मलकापूरच्या आमच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या, मी मराठी. शिपाई तात्या घाम पुसत "आज ऊन लय डेंजर हाय" म्हणाले, की बाई वहीतून मान वर न करता विचारायच्या, "तात्या, अंगावर धावून आलं का ऊन? कडक म्हणा की!" पोरांच्या तोंडी तर पिक्चर डेंजर, बॅटिंग डेंजर, मिसळसुद्धा डेंजर. बाई वैतागायच्या. "शब्द असा उधळला, तर खऱ्या वेळेला हाताशी काय राहणार?"

बाईंचं माहेर माणदेशातलं, मेंढरं राखणारं. घरात इंग्रजी शिकलेल्या त्या पहिल्याच. शाळेत बोलणं प्रमाण, पण पोटातून काही सांगायचं झालं की गावची बोली आपसूक यायची. दहावीचा एक तास त्या नुसत्या भीतीच्या शब्दांवर घ्यायच्या. मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसत असे. "वाटंत उघडी हीर हाय, ती हॅझर्ड. कुणी पडू दे न्हाईतर न पडू दे. तिच्या कडंनं जायचं आपुन ठरवलं, ती रिस्क. पाय निसटला, की मग डेंजर. आणि कुणी म्हणालं, तुला हितंच ढकलतो, तर ती थ्रेट. थ्रेटच्या मागं माणूस असतो, ध्यानात ठेवा."

हे त्यांनी फळ्यापुरतं ठेवलं नव्हतं. आरती नावाच्या मुलीला एक मोटारसायकलवाला रोज वाटेत अडवायचा. शेवटी त्यानं "बघून घेतो" म्हणून दम दिला. तिचे वडील दाखला मागायला आले. "बाई, रिस्क नको. शाळाच बंद करतो पोरीची."

"दम त्यानं दिला आणि शाळा हिची बंद?" बाई उठल्याच. "त्याला नाव असंल की न्हाई? चला, पोलिसांस्नी नाव सांगून येऊ." वडील बिचारे त्यांच्या मागोमाग गेले. त्या पोराची वाट कायमची बदलली. आरती आता सांगलीला नर्स आहे.

बाईंचे यजमान लवकर गेले. एकुलता एक मुलगा विशाल फौजेत होता. तो डोंगराळ मुलखातून फोनवर "आई, हितं थंडी लय डेंजर हाय" म्हणायचा, तेव्हा मात्र बाई त्याची चूक काढत नसत. नुसत्या हसायच्या. तेवढी सूट त्याला एकट्यालाच होती.

एकदा मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडले होते आणि बाईंचा फोन वाजला. विशालच्याच तुकडीतला सचिन बोलत होता, जतकडचा पोरगा. विशाल होता ती गाडी दरीत गेली होती. "काकू, घाबरू नगा. ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणालं, आउट ऑफ डेंजर हाय."

बाईंनी फोन ठेवला आणि माझा दंड घट्ट धरला. "आउट ऑफ डेंजर म्हणालेत. भाईर आलाय त्यातनं." एरवी प्रत्येक शब्द पारखून घेणाऱ्या बाईंनी हा शब्द तसाच पदरात घेतला. उरलेली भाकरी खाल्ली, पुढचा तासही घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी विशालकडे जायला बॅग भरून त्या निघणार, तोच दुसरा फोन आला. विशाल पहाटेच गेला होता.

काही महिन्यांनी सचिन सुट्टीवर आला, तेव्हा मी बाईंकडेच होते. सहा फुटी गडी, पण उंबरा ओलांडेना.

"काकू, मी फसवलं तुमास्नी. डॉक्टर तसं काय म्हणालंच नव्हतं."

"मग तू का म्हणालास?"

"विशालनंच सांगाय लावलं. शुद्धीत व्हता. म्हणाला, आईला बरा हाय म्हणू नगो, तिला पटायचं न्हाई. आउट ऑफ डेंजर म्हण. डॉक्टरचं नाव घे."

बाईंनी चौकट धरली. मग त्यांनी विचारलं, "हे बोलताना त्याचा आवाज कसा व्हता रं?"

"बारीक. पण हसत व्हता, काकू."

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी सचिनला हाताला धरून आत आणलं, ताट वाढलं. त्याचा हात भाताकडे जाईना. बाई त्याच्या समोर बसल्या. "जेव बाळा. त्या रातीला मी डोळं मिटून झोपले, ते तुझ्यामुळं. तू खोटं बोलला न्हाईस. माझ्या लेकाचा निरोप दिलास."

त्याच वर्षी बाईंनी शाळा सोडली आणि भावाकडे माणदेशात राहायला गेल्या. एसटीत बसवायला मी गेले होते. बॅगा वर ठेवून झाल्या, पाण्याची बाटली दिली. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला. गाडी हलली, तेव्हाच तो सुटला.