फ्रेंच पूर्वजाचं पान

माझ्या सासऱ्यांचे खापरपणजोबा फ्रेंच. पाँडिचेरीची वसाहत सोडून ते पलूसला आले आणि इथल्याच मुलीशी लग्न करून शेतकरी झाले. पितृपक्षात प्रत्येक पूर्वजाच्या आवडीचं वाढायचं असतं, म्हणून मी यादी ठेवते. यंदा त्यांच्या नावापुढे पाव लिहिला. गच्चीवर पान ठेवून तास झाला, तरी कावळा शिवेना. तोवर घरात कुणी जेवत नाही, आणि सासऱ्यांनी मधुमेहाची गोळी आधीच घेतलेली. त्यांचे हात थरथरू लागले.

"अगं, जन्मभर भाकरी खाल्ली त्यांनी. पाव कसला घालतीस?" सासूबाई म्हणाल्या.

मी भाकरी आणायला वळले, तोवर सासऱ्यांनी पानातला पाव उचलून खाल्ला.

"त्येंचंच रगात हाय माझ्यात," ते म्हणाले. "शिवलं म्हना आन वाढा."

मी वाढलं.