मी वाचून दाखवलेला कागद

आमच्या घरात वडिलांच्या डाव्या पक्षाच्या पत्रकांनी भरलेली एक लोखंडी पेटी आहे. तळाशी मॉस्कोत छापलेली जुनी मराठी पुस्तकं. त्यांच्या शेवटच्या पानावर छापखान्याचा मजकूर रशियन अक्षरांत असे. आठवीत मी एका तक्त्यावरून ती तेहतीस अक्षरं पाठ केली. भाषा शिकवणार कोण? पण वडील पाहुण्यांसमोर मला उभं करत, मी धडाधड वाचे आणि पाहुण्यांना वाटे, याला रशियन येतं. तो गैरसमज मी कधी मोडला नाही.

मागच्या वर्षी वडवणीचे चुलते-चुलती एक कागद घेऊन आले. चुलत बहिणीला डॉक्टर व्हायचं होतं. इथली सरकारी जागा हुकली, तेव्हा बीडच्या एका एजंटाने किर्गिझस्तानचा रस्ता दाखवला. कागदावर बापाची सही हवी होती.

"एजंट म्हणतो, डोळे झाकून करा. म्हणलं, आमच्या घरात वाचणारा हाय. वाच बाबा."

न समजलेल्या कागदावर सही करू नका, अशी पक्षाची पत्रकं मी त्याच आठवड्यात बाजारात वाटली होती.

मी उभं राहून, चढ्या आवाजात वाचलं. मधेच पोटात आडवी रेघ असलेला गोल आला. माझ्या तक्त्यात तो नव्हता. पुन्हा आला, पुन्हा आला. दरवेळी मी खोकलो आणि पुढे गेलो. चुलतीने डोळ्यांना पदर लावला.

"म्हंजी काय लिवलंय?" चुलत्यांनी विचारलं.

'मेडिसिन'सारखा एक शब्द दिसला होता. "प्रवेश मिळालाय," मी म्हणालो. त्यांनी सही केली.

चार महिन्यांनी बहिणीचा फोन आला. "दादा, तो कागद रशियन नव्हताच. किर्गिझ होता. मला नुसतं भाषेच्या वर्गाला घेतलंय. मेडिकलचं परीक्षेनंतर बघणार, तेही जागा असली तर. पप्पांनी हे मान्य म्हणून सही केलीय. त्यांना मी अजून सांगितलं न्हाई." मग म्हणाली, "तुला कळत न्हवतं, तर तसं कामून न्हाई सांगितलंस?"

ही अक्षरं कितीतरी भाषांनी घेतली आणि आपापल्या आवाजांसाठी त्यांत भर घातली, हे मी त्यानंतर वाचलं. देवनागरी येते म्हणून नेपाळी करारावर सही करशील का, असं कुणी विचारलं असतं तर मी हसलो असतो.

परवा चुलते त्याच अक्षरांतला दुसरा कागद घेऊन आले.

"काका, मला ही भाषा येत नाही. तेव्हाही येत नव्हती. तुमची मुलगी मेडिकलला नाही, भाषेच्या वर्गात आहे."

ते आधी हसले. मग त्यांचा चेहरा उतरला. "तवा घडाघडा वाचलंस, अन् आता येत न्हाई? कुणाला येड्यात काढतो रं? घरची पोरगी डॉक्टर व्हायली, ते बघवंना तुला."

तिनेच सांगावं म्हणून मी बहिणीला फोन लावला. तिने उचलला नाही. तोवर त्यांनी कागद खिशात घालून गाडीला किक मारली होती.

"कुठं निघालात, काका?"

"एजंटाकडं. त्यो तरी नीट वाचून दाखवतो."