घग्गरच्या वाळूत 'थांबा' कोण म्हणालं?

आधीच सांगून टाकते, या ग्रुपवर मी येते ती वाचून हसायला. पिंपळ, पैंजण, पांढरी साडी... रविवारचा चहा मस्त होतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. ज्याला टेप लावता येते, काटा लावता येतो, तेवढंच खरं मानायची सवय. सुट्टीत गावी गेलो की सासूबाई मुलीची दृष्ट काढतात, तेव्हा मिरच्या वाया गेल्या म्हणून हळहळणारी बाई आहे मी. तेव्हा आज मी इथे लिहायला बसलेय याचं सगळ्यात जास्त नवल मलाच वाटतंय.

आम्ही मूळचे कराडचे. नवरा चंदीगडला एका मोठ्या इस्पितळात संशोधन करतो, म्हणून गेली काही वर्षं मुक्काम झिरकपूरला. मी ज्या कंपनीत आहे तिचं काम म्हणजे अडकलेली वाहनं बाहेर काढणं. चिखलात रुतलेला टिपर, घाटात कठड्यावरून अर्धा खाली गेलेला ट्रक, कालव्यात बसलेलं पोकलेन... फोन येतो, आमची गाडी जाते. त्या गाडीवर विंच असतो. विंच म्हणजे विहिरीवरचा रहाट समजा, फक्त मोटरवर चालणारा, आणि बादलीऐवजी ट्रक वर आणणारा.

आमचा जुना विंच थकला होता. डोंगरातून सफरचंदांचे ट्रक उतरायला लागायच्या आत नवा हवा होता, आणि तो निवडायचं काम माझ्याकडे आलं. भाटियासाहेब, म्हणजे आमचे मालक, त्यांचा खाक्या म्हणजे पी हळद हो गोरी. त्यांना एवढंच कळतं, की कुणाचा किती टन ओढतो. मी त्यांना समजावून दमले, की साहेब, कागदावर लिहिलेली ताकद ही ड्रमवर दोराचा एकच थर असताना असते. दोर गुंडाळत जाईल, थर चढत जातील, तशी ताकद उतरत जाते. आणि फार मोठा घ्यावा तर आपल्या गाडीची चेसिस तेवढी नाही, नाकापेक्षा मोती जड व्हायचा. ते मान डोलवायचे आणि पुन्हा विचारायचे, "लेकिन खींचता कितना है?"

शेवटी दोन उरले. एक इलेक्ट्रिक, साहेबांचा लाडका. दुसरा हायड्रॉलिक, जरा महाग. दोघांची चाचणी घ्यायची ठरली. घग्गर नदीच्या पात्राला लागून एका ओळखीच्यांची मोकळी जागा आहे, तिथे रेतीने भरलेला टिपर मुद्दाम वाळूत रुतवला. सकाळची वेळ, लख्ख ऊन, पलीकडे हायवेचे हॉर्न. हे मुद्दाम लिहितेय. अंधार नव्हता, धुकं नव्हतं, मी दमलेली नव्हते, पोटात दोन पराठे होते.

माणसं सांगते. विंचच्या दांड्यावर बलविंदरजी. पन्नाशीचे, शांत, सगळी कंपनी त्यांच्या भरवशावर. टिपरला हुक लावायला सुखदेव. टिपरच्या स्टिअरिंगवर जगतार. हायड्रॉलिक विंच विकणाऱ्या कंपनीचा एक माणूस मोबाईलवर व्हिडिओ काढत होता, त्याला तो जाहिरातीला हवा होता. आणि मी, दोराच्या उजवीकडे, लांब, कडुलिंबाखाली.

आमच्या माणसांच्या दोन पद्धती आहेत. पहिली, ओढायच्या आधी बलविंदरजी मोठ्यांदा विचारतात, "लाइन साफ?" आणि जो तो आपल्या जागेवरून "साफ" म्हणून उत्तर देतो. सगळे आवाज आल्याशिवाय दांडा हलत नाही. दुसरी, ताणलेल्या तारदोरावर मध्यभागी एक ओलं पोतं टाकायचं. दोर तुटला किंवा हुक सुटला तर तो चाबकासारखा येतो, माणूस कापून जातो. पोत्याच्या वजनाने तो खाली पडतो. पोतं टाकायचं काम सुखदेवचं. ते तो दोर सैल असतानाच टाकतो.

इलेक्ट्रिकची चाचणी आधी झाली. टिपर निघाला. मला एकच गोष्ट खटकली, दांडा सोडल्यावर ड्रम किंचित पुढे जाऊन मग थांबत होता. वीतभर दोर आत यायचा. मी तसं म्हटलं तर कुणी फारसं मनावर घेतलं नाही. वीतभराने काय होतंय?

टिपर पुन्हा रुतवला. हायड्रॉलिकची पाळी. नवा कोरा दोर, चमकणारा. सगळे त्याला हात लावून बघत होते, सुखदेव तर जास्तच. त्या नादात तो पोतं टाकायचं विसरला. "लाइन साफ?" झालं, साफ, साफ, साफ आलं, मीही म्हटलं. बलविंदरजींनी दांडा ओढला. आणि त्याच वेळी सुखदेवला पोत्याची आठवण झाली. बघा, माणूस निष्काळजी असता तर त्याला आठवलंच नसतं! तो बादलीतलं पोतं उचलून परत आत गेला, वाकून, टिपरच्या पुढे वाळूचा जो ढीग होता त्याच्या आडून. बलविंदरजींना तो दिसत नव्हता. जगतारला बॉनेटच्या खालचं दिसत नव्हतं. मला वाटत होतं तो आपल्या जागेवर आहे.

दोर ताणला गेला. टिपर कण्हल्यासारखा आवाज करत जरा हलला.

आणि बलविंदरजींनी दांडा सोडला. विंच तिथल्या तिथे थांबला, केसभरही पुढे नाही. मी वैतागले, आता काय झालं? इतक्यात वाळूच्या ढिगाआडून सुखदेव उभा राहिला, हातात पोतं, ताणलेल्या दोराला जवळजवळ छाती लावून. बलविंदरजी ओरडले, तो पोतं टाकून बाहेर पळाला. तो बाहेर येऊन पोचतोय न पोचतोय तोच टिपरचा हुक लावायचा लोखंडी कान मोडला. कुणी दांड्याला हात लावलेला नव्हता, नुसता ताण धरलेला होता. दोर सणसणत आला. सुखदेव जिथे उभा होता तिथे वाळूत लांबलचक चर पडला.

सुखदेव खाली बसला आणि त्याला उलटी झाली. मी त्याला पाणी दिलं. त्याच्या घरी म्हातारे वडील आहेत आणि बायकोला सातवा महिना होता... मला दुसरं काही सुचेना.

मग बलविंदरजी माझ्याजवळ आले. हात जोडले. म्हणाले, "मॅडमजी, आज आपने बचा लिया." मी म्हटलं, मी काय केलं? ते म्हणाले, "आपने आवाज दी ना." मी म्हटलं, नाही दिली. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं,

"मॅडमजी, ये 'थांबा' क्या होता है?"

अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. हा माणूस आयुष्यात कधी अंबाल्याच्या खाली गेलेला नाही. कामावर मी हिंदीच बोलते. घरी मुलीला मराठी समजतं पण ती उत्तर हिंदीत देते, तिला मी "थांब" म्हणते. नवऱ्यालाही "थांब"च. "थांबा" म्हणावं असं या शहरात मला कुणी नाही. आणि बलविंदरजींनी तो शब्द कसा उच्चारला सांगू? 'थां' जरा लांबवून. आमच्या कराडकडे म्हणतात तसा.

जगतारनेही ऐकलं होतं. काच बंद असताना. सुखदेवला नंतर विचारलं, तो म्हणाला, मॅडमचा आवाज आला, काय म्हणाल्या ते कळलं नाही, म्हणून बघायला उभा राहिलो. नाहीतर तो वाकलेलाच राहिला असता. तिघांनीही ऐकला तो माझाच आवाज. फक्त मी तो ऐकला नाही, आणि मी तोंड उघडलं नव्हतं. मला खात्री आहे. म्हणजे... होती.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. वर एक शास्त्रीय पुस्ती जोडली, की घाबरून तू नकळत ओरडली असशील, मेंदू अशा आठवणी पुसतो. अरे पण घाबरले असते तर कशाला? मला सुखदेव दिसतच नव्हता! त्या जागेवर पूर्वी कुणी मेलं होतं का, हेही मी विचारून आले. हो, मी, जी हसायला येते ती. तिथे कुणी मेलेलं नाही. आमच्या कंपनीतही नाही. माझ्या माहेरचं, सासरचं कुणी इकडे कधी आलेलं नाही. ज्याच्यावर बोट ठेवावं असं कुणीच नाही.

विंच मी हायड्रॉलिक घ्यायला लावला. भाटियासाहेबांशी पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. म्हटलं, किती ओढतो ते पुरे झालं, थांबतो कसा ते बघा. तो इलेक्ट्रिक वीतभर पुढे गेला असता तर कान तेव्हाच मोडला असता, सुखदेव दोरापाशी असताना. साहेबांनी मुकाट्याने सही केली.

इथवर असतं तर मी लिहिलंच नसतं. नवऱ्याचं मेंदूबिंदू मानून गप्प बसले असते. पण काही दिवसांनी त्या विक्रेत्याच्या माणसाने व्हिडिओ पाठवला.

दुपारी, ऑफिसात, जेवणाचा डबा समोर ठेवून मी तो पाहिला. पंपाच्या घरघरीखेरीज आवाज काहीच नाही, कुणी थांबा म्हणत नाही. दोर ताणला जातो. मग बलविंदरजी दांडा सोडतात आणि मान वळवतात, डावीकडे. नदीकडे. तिकडे नुसती वाळू आणि सरकंड्याचं गवत. मी तर उजवीकडे होते, झाडाखाली. जगतारची मानही काचेआड नदीकडे. सुखदेव उठतो तो नदीकडे बघतच.

मी बलविंदरजींना बोलावून घेतलं. त्यांना व्हिडिओ न दाखवता विचारलं, तुम्हाला आवाज आला तेव्हा तुम्ही कुठे बघितलं? ते गोंधळले.

"आपकी तरफ ही तो देखा जी," म्हणाले. "आप खड़े थे ना वहाँ. हाथ ऊपर करके."

मी त्यांना जा म्हटलं. व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. कितव्यांदा तरी माझं लक्ष कोपऱ्यात गेलं, कडुलिंबाखाली, जिथे मी आहे. तोंड बंद आहे माझं, अगदी स्पष्ट दिसतं. हात खाली आहेत. पण त्या क्षणी, सगळ्यांच्या बरोबर, मीही मान वळवते. नदीकडे. आणि तिकडे कुणीतरी ओळखीचं उभं असावं तसं बघत राहते.

मला यातलं काहीही आठवत नाही.

तुमच्यातल्या कुणाकडे याचं उत्तर असेल तर सांगा, नसेल तर हसा, मीही हसायचे. सुखदेवला मुलगी झाली, बाळ-बाळंतीण दोघी छान आहेत. बलविंदरजींनी मात्र एक नवी पद्धत पाडलीय. आमच्या गाडीवर आता कुणी "रोको" म्हणत नाही. घाटात, चिखलात, कुठेही, विंच थांबवायचा असला की ती सगळी पंजाबी मंडळी "थांबा" म्हणून ओरडतात, 'थां' जरा लांबवून. मी साइटवर असले की प्रत्येक वेळी माझी मान वळते, आणि आवाज किती आले आणि माणसं किती आहेत ते मी आधी मोजून घेते.